माजलगावचा दोन दिवसांचा मुक्काम

नगरहून परभणी-नांदेडकडे जाताना माजलगाव लागतं. पुढच्या वेळी तिथं दोन दिवस थांबाच.

पहिल्या दिवशी ऊन चढण्याआधी सिंदफणेवरच्या धरणावर जा. या जलाशयात पैठणच्या जायकवाडीचं पाणीही उजव्या कालव्यानं येतं. तिथून मंजरथ गाठा. इथं सिंदफणा गोदावरीला मिळते. संगमावर घटकाभर बसलात की प्रवासाचा शीण उतरतो.

दुसरा दिवस गोदाकाठासाठी राखून ठेवा. गंगामसल्याचा भालचंद्र गणपती नदीपात्रातच आहे. म्हणून पावसाळ्यात पाण्याची चौकशी करूनच निघा. पुरुषोत्तमपुरीला भगवान पुरुषोत्तमाचं प्राचीन मंदिर आहे. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा, म्हणजे इ.स. १३१० चा ताम्रपट याच गावी सापडला. अधिक मासात इथं यात्रा भरते, पुरणाच्या धोंड्यांचा नैवेद्य होतो. त्या महिन्यात गर्दी फार. निवांत दर्शन हवं तर एरवी या.

आणखी एक दिवस हाताशी असेल, तर परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी एकाच फेरीत होतात. खेड्यांकडे जाणाऱ्या एसटीच्या वेळा मात्र आदल्या संध्याकाळीच स्थानकावर विचारून घ्या. आपला मराठवाडा सवडीनं पाहावा, असाच आहे.