भीतीला चाल लावताना



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘हॅलोविनसाठी भीतीच्या गाण्यांचा क्रम’ असा छापला आहे. बुलढाण्याच्या व्याख्यानमालेत हॅलोविन कशाला, ही कुजबुज इथवर ऐकू येते आहे आणि ती रास्त आहे. कोजागिरीला भुलाबाई बोळवून फार दिवस झालेले नाहीत, आणि आपण ३१ ऑक्टोबरच्या परदेशी भुताखेतांवर बोलायला जमलो आहोत. हॅलोविन म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. घरातली नातवंडं ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. आपल्या कामाचा त्यातला एकच भाग आहे. त्या रात्रीसाठी तरुण मंडळी गाण्यांची माळ, त्यांच्या भाषेत ‘मिक्स’, ओवतात, आणि ती ओवण्याची एक चांगली रीत अशी की आधी माणसांच्या नेहमीच्या भीतींची यादी करायची, अंधार, साप, उंची, कोंडलेली जागा, मरण, आणि मग एकेका भीतीला एकेक गाणं द्यायचं. ही रीत मला मनापासून पटते. माझं म्हणणं एवढंच की यादी आपली हवी. ती आपली झाली की ध्यानात येतं, आपल्या मुलखात अशी गाणी घाबरवण्यासाठी झालीच नव्हती. भीतीला गाणं मिळालं की ती एकट्याची राहत नाही. आजचा सगळा वेळ मी या एका वाक्यासाठी मागितला आहे.

पहिला पुरावा स्वरांचाच घेऊ. १९७५ च्या ‘जॉज’ चित्रपटात शार्क दिसण्याआधी जॉन विल्यम्स यांनी दोन स्वर वाजवत ठेवले, एकमेकांना अगदी खेटून असलेले. आपल्या भाषेत षड्ज आणि कोमल ऋषभ. त्या दोन स्वरांनी लोकांना समुद्राची धास्ती घातली. आपल्याकडे हेच स्वर भैरवात पहाटे लागतात आणि ऐकणाऱ्याला देवळाचा गाभारा आठवतो. १८७४ साली फ्रान्सच्या सेन-साँस यांनी मेलेल्यांच्या नाचाची रचना पुरी केली. तिच्यात मृत्यू स्वतः व्हायोलिन वाजवतो, आणि त्या व्हायोलिनची सर्वांत वरची तार मुद्दाम अर्ध्या स्वराने उतरवलेली असते. त्यामुळे शेजारच्या तारेशी तिचं नातं षड्ज आणि तीव्र मध्यमाचं होतं. पाश्चात्त्य संगीतात या जोडीला सैतानाचं नाव चिकटलेलं आहे. आपल्याकडे तीव्र मध्यम हा यमनाचा प्राण. गाणं शिकायला बसलेल्या मुलीला गुरुजी बहुधा तोच राग आधी देतात. तिसरं उदाहरण १९७८ च्या ‘हॅलोविन’ याच नावाच्या चित्रपटाचं. त्याची धून दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी स्वतः रचली, पाचाच्या मोजणीत. चारावर चालायची सवय असलेला पाय पाचव्याला अडखळतो, म्हणून ती धून अस्वस्थ करते. पण झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा हातावर मोजणाऱ्या कानाला पाचाचं काय भय? तेव्हा भीती स्वरात नाही आणि मात्रेतही नाही. ओळखीची चाल मोडते तिथून ती आत शिरते, आणि ओळख तर मुलखामुलखाची वेगळी.

यावर जाणकार श्रोता हात वर करील, आणि त्याने तो करावाच. किंकाळी तर सगळ्यांची सारखीच, मग मुलखाचा प्रश्न कुठे येतो? आक्षेप वजनदार आहे. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक डॅनिएल ब्लमस्टाइन यांनी खारीच्या कुळातल्या मार्मोट या प्राण्याच्या हाका बरीच वर्षं अभ्यासल्या, आणि २०१० साली सहकाऱ्यांसह चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासून दाखवलं की जिवावर बेतलेल्या प्राण्याच्या गळ्यातून निघतात तसे फाटके, कर्कश आवाज भयपटांत जास्त येतात. हे मी मान्य करतो. मात्र त्याला मी भीती म्हणणार नाही, ते दचकणं आहे. दाराचा धडाका झाला की तान्हं मूलही दचकतं आणि आईने थोपटलं की झोपी जातं. दचकणं अंगातून आलं तसं निघून जातं. भीती मात्र आवाज थांबल्यावरही जागी असते, आणि रात्रीच्या मैफलीचा क्रम लावणाऱ्याला याच दुसऱ्या गोष्टीचा विचार करावा लागतो.

दचकणं किती दिवस पुरतं, हे बघायला परदेशी जायला नको. आपल्या शिवारात त्याचा प्रयोग रोज रात्री चालू आहे. रानडुकरं आणि रोही मका-हरभऱ्यात शिरतात म्हणून धुऱ्यावर भोंगा लावलेला असतो. बॅटरीवर चालणारा, आत मेमरी कार्ड, आणि त्या कार्डात कुत्र्यांचं भुंकणं, वाघाची डरकाळी, माणसांचा ओरडा, फटाके. मंडळी हसताहेत, म्हणजे जागलीला जाणारे बरेच जण सभागृहात आहेत. मग तुम्हीच सांगा, जनावरांसाठी केलेलं हे हॅलोविनचं मिक्सच नाही का? पहिल्या रात्री कळप उधळतो. चार रात्रींनी भोंग्यापासून लांबच्या कोपऱ्यात चरतो. आणखी काही दिवसांनी भोंग्याखालीच उकरतो, कारण डरकाळीनंतर कुत्रं, कुत्र्यानंतर फटाका हा क्रम त्याला पाठ झालेला असतो. मग शेतकरी जागा बदलतो, आवाज बदलतो, मध्येच तासभर भोंगा बंद ठेवतो. मधल्या त्या शांततेत जनावर जास्त बिचकतं, असं अनुभवी जागले सांगतात. चित्रपटाला संगीत देणाऱ्यांना जे मोठ्या अभ्यासाने कळतं, ते इथे धुऱ्यावर बसून कळलेलं आहे. आणि खऱ्या वाघाचं काय? २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला टी-१ सी-१ हा वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याच्या वाटचालीचा हिशेब गळ्यातल्या रेडिओ कॉलरने ठेवला. वाटेतल्या कितीतरी गावांना त्याची डरकाळी ऐकूही आली नसेल. भोंग्यातला वाघ रात्रभर ओरडतो आणि त्याला कोणी जुमानत नाही, आणि मुकाट चालून आलेल्या वाघाच्या नुसत्या बातमीने मुलखाची झोप उडते. भोंग्यावर ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला खरा, पण माझ्या मुद्द्याचा कणा तोच आहे. पाठ झालेला आवाज भीती काढून घेतो. जागल्याचं त्याने नुकसान होतं. गाणाऱ्याच्या हाती मात्र त्याने औषध येतं.

चित्रपटातली भीतीची गाणी तुम्हाला तोंडपाठ आहेत, म्हणून तिथे थांबत नाही. ‘महल’ १९४९ चा, ‘बीस साल बाद’ १९६२ चा, आपला ‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ चा. फक्त ‘महल’मधल्या लता मंगेशकरांच्या गाण्याची एक गोष्ट कामाची आहे. तो आवाज दुरून जवळ यावा म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत यावं लागलं. भीती तिथे अंतराने साधली, गळा तर गोडच होता. आणि पाऊणशे वर्षांत ते गाणं लोकांनी इतक्यांदा ऐकलं की त्यातलं भूत निघून गेलं आणि गोडवा उरला. ओळखीने भीतीचं रूपांतर कशात होतं, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आता आपली यादी करू. ती आयती मिळते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, राजाच्या नावाने विड्याचं पान. दुसऱ्या पहाटे काय हललं, काय भिजलं, ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. पुढच्या रांगेतल्या काहींच्या कपाळावर आठी दिसते आहे, म्हणून स्पष्ट सांगतो, ते भाकीत खरं ठरतं असं मी म्हणत नाही. कुठलं पीक घ्यायचं हे ढेकळाला विचारू नये, हवामान खात्याला आणि कृषी विद्यापीठाला विचारावं. मी त्या मांडणीकडे भीतीची यादी म्हणून बघतो. पाऊस येईल का, कोणतं धान्य हाती लागेल, राजा नीट वागेल का. या जिल्ह्याची मोठी भयं एका घटाभोवती बसली आहेत आणि त्यांत भूत कुठेच नाही.

या यादीपुढे आपली गाणी ठेवून बघा. पाऊस ओढ देतो तेव्हा धोंडी निघते. एका पोराला लिंबाच्या पाल्याने झाकायचं, काठीला बेडूक टांगायचा, गात गात दारोदार जायचं, आणि घराघरातून त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी पडायचं. सासरची भीती लहान मुलींनी भुलाबाईच्या गाण्यांत गायली, लग्नाच्या कितीतरी आधी, आणि शेवटी खाऊ वाटून घेतला. रोगराईची भीती नागपूरकरांनी रस्त्यावर आणली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत मिरवतात, पिवळी १८८५ पासून, आणि इडापिडा सोबत घेऊन जा म्हणून सगळा रस्ता तिला ओरडून सांगतो. बडग्यांच्या रूपाने महागाई आणि भ्रष्टाचारही त्या मिरवणुकीत येतात, म्हणजे यादी दर वर्षी नवी होते. आणि भुताची भीती? तिचं काम संतांनी करून ठेवलं. तुकोबांच्या अभंगात आणि नाथांच्या भारुडात झपाटणारं भूत म्हणून जो उभा राहतो तो पांडुरंग निघतो. ज्या शब्दाने गाव दारं लावून घेत होतं, त्याच शब्दावर गाव टाळ्या वाजवू लागलं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ही गाणी अनेक गळ्यांची आहेत, ती घरातून बाहेर आणतात, आणि शेजाऱ्याला तांब्याभर पाणी तरी ओतायला लावतात. कानात इअरफोन घालून एकट्याने ऐकायचं मिक्स कितीही कुशल असलं तरी हे काम करू शकत नाही.

दोन आक्षेपांना उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. पहिला असा की धोंडीने पाऊस पडला नाही आणि गाण्यांनी पटकी गेली नाही. शुद्ध पाणी आणि औषधं आली तेव्हा ती गेली. शंभर टक्के खरं. पण पाऊस येईपर्यंतचे दिवस माणसाने कुणाच्या सोबतीने काढायचे, हा प्रश्न वेगळा आहे, आणि गाण्याने त्याचं उत्तर दिलं. दुसरा आक्षेप असा की अशी उजळणी करता करता आपण अनिष्ट प्रथा परत आणू. तिथे माझी रेघ पक्की आहे. पोतराजाचे आसूड ज्यांच्या अंगावर उमटत होते त्यांनी ती प्रथा टाकली, ते योग्यच झालं. बेडकाला टांगण्याचंही कारण नाही, गाणं त्याच्याशिवाय चालतं. सैलानीच्या यात्रेत घुमणाऱ्या, ओरडणाऱ्या आजारी माणसांचा आवाज कुणी करमणुकीच्या मिक्समध्ये घालू नये; त्यांना डॉक्टरची गरज आहे आणि आपल्या कायद्याने २०१३ पासून अघोरी उपचारांना गुन्हा ठरवलं आहे. ज्या गाण्याने कुणाला वेदना होते ते क्रमातून काढा. उरतं ते पुष्कळ आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि चिखली-मेहकरकडे जाणाऱ्यांना एसटी गाठायची आहे. नाथांच्या भारुडांवर सविस्तर बोलायचं होतं, ते राहिलं. पण एक मुद्दा सोडून खाली बसता येणार नाही. आजच्या बुलढाण्याच्या यादीत सर्वांत वर कोणती भीती येईल? सोयाबीन-कपाशीचा भाव आणि डोक्यावरचं कर्ज. अंधारापेक्षा, सापापेक्षा, बिबट्यापेक्षा ही भीती घरोघरी जास्त आहे, आणि तिने या मुलखात माणसं नेली आहेत. या भीतीपुढे ठेवायला आपल्याकडे कोणतं गाणं आहे? गाडगेबाबांनी कर्ज कीर्तनात आणलं होतं. ते समोरच्यांना प्रश्न विचारत, सगळे मिळून उत्तर देत, आणि सणा-तेराव्यासाठी ऋण काढू नका हे त्या सवालजवाबात लोकांच्या मनावर ठसे. पण ते कर्ज उधळपट्टीचं होतं. आजचं कर्ज बियाण्याचं आहे, दवाखान्याचं आहे, नापिकीचं आहे, आणि त्याची लाज मात्र जुन्यासारखीच आहे. कवींनी त्यावर लिहिलं, व्यासपीठावरून वाचलंही. धोंडीसारखं दारोदार जाणारं गाणं मात्र त्याला मिळालेलं नाही. पाऊस आला नाही तर सगळा गाव रस्त्यावर येतो. हप्ता थकला तर माणूस दार लावून घेतो.

म्हणून तरुण मंडळींना माझी विनंती आहे. ३१ ऑक्टोबरला जरूर गाण्यांचा क्रम लावा. पण आधी आपल्या आज्यांकडून धोंडीची, भुलाबाईची गाणी फोनवर भरून घ्या, गावातल्या भजनी मंडळाचं भारूड भरून घ्या, आणि तो क्रम चावडीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा लावा. कर्जाच्या जागी गाणं सापडणार नाही. तिथे भुताची किंकाळी भरू नका. गाणं बंद ठेवा, आणि ती जागा कशासाठी मोकळी आहे ते मोठ्याने सांगा. चावडीवर कुणीतरी असा बसलेला असेल की त्याला त्या क्षणी कळेल, ही आपल्या एकट्याची गोष्ट नाही. त्याने तोंड उघडलं की चाल लावायला आपण सगळे आहोतच.