माँटगोमेरीचा बसबहिष्कार

(उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी घेतलेला विषय आपल्या देशातला नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे व माँटगोमेरी ही त्याची राजधानी होय. तेथील कृष्णवर्णीय नागरिकांनी ५ डिसेंबर १९५५ रोजी शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार पुकारला आणि ३८१ दिवस पायी चालून तो तडीस नेला. त्याच अवधीत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास धर्मांतराचा सोहळा झाला, आणि त्याच अवधीत ६ डिसेंबरला बाबासाहेब आपल्यातून गेले. या घटनांत काही कार्यकारणसंबंध होता असे मी म्हणत नाही. तसा तो नव्हता. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते हे निश्चित. १९४६ साली त्यांनी ड्युबॉइस या थोर कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडावयाच्या त्यांच्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. तेव्हा ही हकीकत आपणास अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही.

आरंभीच 'बहिष्कार' या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींच्या कानाला तो कडू लागतो. आपण तो सोसला आहे. मेलेले ढोर ओढण्यास नकार दिला, की गावाने दुकान बंद करावे, पाणी बंद करावे, मजुरी बंद करावी, शेतातली पायवाटसुद्धा बंद करावी. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने आपल्या अहवालात या शस्त्राची भयंकरता नोंदवून ठेवली आहे. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळास २०१६ सालीदेखील सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, त्याअर्थी ते शस्त्र म्यान झालेले नव्हते. असे असता मी एका बहिष्काराची प्रशंसा का करतो? भेद असा की, गावाचा बहिष्कार म्हणजे ज्याच्या हाती विहीर, दुकान आणि जमीन आहे त्याने ज्याच्या हाती काहीच नाही त्याची केलेली उपासमार होय. माँटगोमेरीत ज्यांच्या हाती सत्ता नव्हती त्यांनी आपल्याजवळची एकच वस्तू, म्हणजे बसच्या भाड्याचे दहा सेंट, देण्याचे नाकारले. त्यांनी कोणाचे पाणी तोडले नाही की कोणाची चूल विझवली नाही.

आता तेथील बसगाड्यांची रीत ऐका. पुढील दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. त्या रिकाम्या राहिल्या तरी काळ्या माणसाने तेथे बसावयाचे नाही. मधल्या जागांवर त्याला बसता येई, परंतु गोरा उतारू उभा राहिला की चालकाच्या हुकमाने तीही ओळ मोकळी करावी लागे. भाडे पुढच्या दाराशी द्यावयाचे, मग खाली उतरून मागच्या दाराने चढावयाचे; आणि कित्येकदा पैसे दिलेला उतारू मागच्या दाराशी पोहोचण्यापूर्वीच गाडी चालू होई. चालकास पोलिसाचे अधिकार होते. आणि हे उतारू तरी कोण? चारांतील तीन कृष्णवर्णीय, व त्यांतही मोठा भरणा गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणीभांडी करणाऱ्या आणि मुले सांभाळणाऱ्या बायांचा. म्हणजे ज्यांच्या पैशावर कंपनी चालत होती त्यांनाच ती उभे ठेवीत होती.

हा हिशेब नगराच्या शासनापुढे प्रथम मांडला तो पुढाऱ्यांनी नव्हे, तर एका स्त्रीसंघटनेने. महिला राजकीय परिषद असे तिच्या नावाचे भाषांतर करता येईल. तिच्या अध्यक्षा जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी २१ मे १९५४ रोजी महापौरास पत्र पाठवले. पत्राची भाषा सौम्य होती, मागण्या मोजक्या होत्या. आणि सौम्य भाषेतच त्यांनी कळवले होते की, उतारूंपैकी तीन-चतुर्थांश लोक आमचे आहेत, ते चढले नाहीत तर गाड्या चालू शकणार नाहीत, व पंचवीस किंवा अधिक स्थानिक संस्थांत बहिष्काराचा विचार चालू आहे. महापौराने ते पत्र मनावर घेतले नाही. पण तारखेकडे लक्ष द्या. बहिष्कार सुरू होण्याच्या दीड वर्ष आधीचे हे पत्र आहे. लोक एका दिवशी रागावले आणि उठले, अशी जी कथा सांगितली जाते ती खरी नव्हे.

रोझा पार्क्स यांच्याविषयीही अशीच एक भाबडी कथा प्रचलित आहे. दिवसभर शिवणकाम करून थकलेली एक बिचारी बाई जागेवरून उठली नाही, इतकेच पुष्कळांना ठाऊक असते. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी त्या उठल्या नाहीत व त्यांना अटक झाली, हे खरे. परंतु ही बाई कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेत कित्येक वर्षे चिटणिसाचे काम करीत आलेली होती, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर नावाच्या शिक्षणकेंद्रात अभ्यास करून आली होती. तिला 'बिचारी' ठरवण्यात तिच्या कार्याची चोरी आहे, असे माझे मत आहे.

अटकेची वार्ता कळताच रॉबिन्सनबाई रात्री महाविद्यालयात गेल्या आणि एका सहकाऱ्याच्या व दोन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढली. सोमवारी, ५ तारखेस, कोणी बसमध्ये चढू नये, एवढाच मजकूर. दुसऱ्या दिवशी ती पत्रके शाळांतून, दुकानांतून, केशकर्तनालयांतून वाटली गेली. त्या सोमवारी गाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी न्यायालयाने पार्क्सबाईंना दहा डॉलर दंड व चार डॉलर खर्च ठोठावला. दुपारी माँटगोमेरी सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि अवघ्या सव्वीस वर्षांच्या एका नव्या पाद्र्याची, मार्टिन ल्यूथर किंग यांची, अध्यक्षपदी निवड झाली. रात्री होल्ट स्ट्रीटवरील चर्चमध्ये सभा भरली, तेव्हा लोक आत मावेनात. बहिष्कार चालू ठेवावयाचा, असे ठरले.

त्यांच्या मागण्या ऐकून आपणास नवल वाटेल. चालकांनी सभ्यपणे वागावे. जो आधी येईल त्याने आधी बसावे, काळ्यांनी मागून पुढे व गोऱ्यांनी पुढून मागे. आणि जेथे मुख्यतः काळे उतारू असतात त्या मार्गांवर काळे चालक नेमावेत. वेगळेपणाची पद्धत समूळ मोडा, असे त्यांनी आरंभी म्हटलेदेखील नव्हते! तरीही नकार आला. किंग यांनी लिहून ठेवले आहे की, कंपनीच्या वकिलाची खरी अडचण वेगळीच होती: मागणी मान्य केली तर हे लोक गोऱ्यांवर विजय मिळवल्याची बढाई मारीत फिरतील. आपल्या वस्तीच्या नळाचा अर्ज घेऊन जे नगरपालिकेत गेले आहेत त्यांना या उत्तराचा वास ओळखू येईल. नळ देण्यास खर्च किती येतो हा प्रश्न पुष्कळदा नसतोच. यांनी मागितले आणि यांना मिळाले, हे दिसू नये, हा असतो. म्हणून मागणी लहान ठेवली की ती सहज मिळते, या समजुतीवर मी फारसा विसंबणार नाही.

पण आता मुख्य गोष्टीकडे येतो. एक दिवस न चढणे सोपे असते. दुसऱ्या महिन्यात, पावसात, कामावर वेळेवर कसे पोहोचावयाचे? प्रथम कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटांत, लोकांना नेले. तेव्हा नगराच्या अधिकाऱ्यांनी पंचेचाळीस सेंट किमान भाड्याचा नियम पुढे करून ती वाट बंद केली. मग मंडळाने लुइझियानातील बॅटन रूज शहराचा अनुभव मागवला, कारण तेथे १९५३ साली असाच बहिष्कार झाला होता; आणि खाजगी मोटारींची सामायिक व्यवस्था उभारली. सुमारे तीनशे मोटारी, सकाळी माणसे घेण्याची आणि संध्याकाळी परत नेण्याची चाळीसांहून अधिक ठिकाणे, वेळापत्रक, पेट्रोलचा हिशेब. खर्च दरमहा सुमारे ५,००० डॉलर. बाहेरून मदत आली, पण घरचाही पैसा लागत होता. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकिणीने बायका जमवून केक, पाय आणि जेवणाचे डबे विकले व दर सभेत ती रक्कम आणून मोजून दिली. या बायकांनी आपल्या गटाचे नाव काय ठेवावे? 'कोठलाच नाही असा क्लब'! पैसा कोठून आला असे कोणी विचारले तर उत्तर तयार: कोठूनच नाही. मालकिणीला कळले तर नोकरी जाईल अशा बायकांचे पैसे त्यात होते, आणि गिलमोरबाईंनी मार्च १९५६ मध्ये न्यायालयात साक्ष दिल्यावर त्यांची स्वतःची नोकरी गेलीच.

आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, आळीपाळीने निरनिराळ्या चर्चमध्ये सभा होत. वर्गणी दिली आणि पुन्हा काही कळले नाही, अशी जी तक्रार आपल्याकडे प्रत्येक वस्तीत ऐकू येते तिचे निवारण अशा सभांनीच होते. लोक चालत होते, कारण त्यांना दर आठवड्याला सर्व कळत होते.

याचा एक पुरावा देतो. जानेवारी १९५६ मध्ये नगराच्या शासनाने मंडळाबाहेरच्या तीन पाद्र्यांना बोलावून तडजोड झाल्याची खोटी बातमी वृत्तपत्रास दिली. रविवारी सकाळी ती छापून यावयाची होती. शनिवारी रात्रीच मंडळाच्या लोकांना तिचा सुगावा लागला. पुढारी रातोरात मद्यालयांतूनसुद्धा हिंडले आणि बातमी खोटी आहे असे सांगत सुटले. रविवारी चर्चमध्ये पुन्हा तेच सांगितले. सोमवारी गाड्या रिकाम्याच राहिल्या. यानंतर ३० जानेवारीस किंग यांच्या घरावर बाँब पडला. फेब्रुवारीत, १९२१ सालच्या एका बहिष्कारविरोधी कायद्याखाली ८९ जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यांच्यापैकी पुष्कळ जण पोलिसांची वाट न पाहता आपण होऊन हजर झाले. अटकेची भीती हे हत्यार त्या दिवशी बोथट झाले.

कंपनी आणि शासन यांच्या वागणुकीतील फरकही पाहण्यासारखा आहे. एप्रिल १९५६ मध्ये, तोट्याने गांजलेल्या कंपनीने वेगळेपणाचा नियम यापुढे राबवणार नाही असे जाहीर केले. परंतु नगराच्या शासनाने राज्याच्या न्यायालयातून हुकूम आणून कंपनीला तो राबवण्यास भाग पाडले. व्यापाऱ्याला गल्ल्यातील खळखळाट थांबलेला ऐकू येतो. मतांवर निवडून आलेल्या अधिकाऱ्याला तो ऐकू येत नाही, कारण काळ्यांपैकी फारच थोड्यांना तेथे मत नोंदवू दिले जात होते. म्हणून केवळ पायांवर भागले नाही, न्यायालयातही जावे लागले. आपल्याकडे महाडचे पाऊल १९२७ चे आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ चा. तेथे सुदैवाने इतकी वर्षे लागली नाहीत. १ फेब्रुवारी १९५६ रोजी दाखल झालेला दावा जूनमध्ये जिंकला गेला, १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि २१ डिसेंबरच्या सकाळपासून लोक मिळेल त्या जागेवर बसू लागले. बसगाड्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, जानेवारी १९५७ मध्ये चर्चवर बाँब पडले. पण जागा परत गेली नाही.

शेवटी, ज्याविषयी कमी बोलले जाते ते सांगतो. पार्क्सबाईंच्या आधी नऊ महिने, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कोल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच जागेवरून उठली नव्हती. पोलिसांनी तिला ओढत खाली उतरवले. पुढाऱ्यांनी तिचे प्रकरण पुढे करावयाचे नाही असे ठरवले: वय लहान, स्वभाव तापट, घर गरीब, आणि पुढे ती अविवाहित असता गरोदर राहिली. शत्रूला बोट दाखवण्यास जागा राहू नये, हा त्यांचा हिशेब मला समजतो. तो पटत नाही. ज्या समाजाला बाहेरच्यांनी जन्मावरून तोलले त्याने आपल्याच मुलीला घरावरून तोलावे, हे कसे? आपल्या विहाराच्या समितीत कोणास बोलू द्यावे, कोणाचे नाव पुढे करावे, हे ठरवताना हाच तराजू आपल्याही हाती असतो, आणि भगिनींनो, त्यात हलके ठरवले जाणारे पारडे बहुधा तुमचेच असते.

ज्या दाव्याने अखेर कायदा मोडला तो पार्क्सबाईंच्या नावाचा नव्हता. त्यात चार वादी होत्या, चारही स्त्रिया: ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, मेरी लुइझ स्मिथ, आणि बाजूस सारलेली ती क्लॉडेट. अटकेच्या वेळी तिच्यावर पोलिसावर हल्ला केल्याचा आरोप लावला गेला होता आणि तो कागदोपत्री तसाच राहिला होता. २०२१ साली तिने माँटगोमेरीच्या न्यायालयाकडे अर्ज करून ती नोंद पुसून घेतली. तेव्हा तिचे वय ८२ वर्षांचे होते.