दिलेल्या रक्ताची राखण



मंडळाच्या वाढदिवशी बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पांडित्य नाही, मला समजले तेवढेच सांगते.

रामनवमीच्या यात्रेला आपल्या पोहरादेवीत केवढी माणसे लोटतात! दानाचे महत्त्व इथे कुणाला शिकवायला नको. रक्त देणे हेही दानच. पण दिलेले रक्त रोग्याच्या अंगी लागेपर्यंत चांगले राहिले की नाही, हे कोण पाहते? ते काम रक्तपेढीत चालते, आणि रक्तातील प्रथिने मोजून चालते.

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळ आठवते. पण रक्ताला तांबडेपणा देणारे हिमोग्लोबिन हेही एक प्रथिनच. ते तांबड्या पेशींच्या आत राहून प्राणवायू वाहते. औषधी द्रावणात, २ ते ६ अंशांच्या थंडाव्यात, या पेशी ४२ दिवसांपर्यंत टिकतात. जसजसे दिवस सरतात, तसतशा काही पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन भोवतालच्या द्रवात उतरते. ते किती उतरले हे मोजतात. युरोपात शेकडा ०.८ आणि अमेरिकेत शेकडा १ ही त्याची मर्यादा आहे. प्रत्येक पिशवी उघडून पाहता येत नाही. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करतात.

रक्तातला पिवळसर द्रव वेगळा काढून काही तासांतच शून्याखाली ३० अंशांवर गोठवतात. त्यात रक्त गोठवणारी प्रथिने असतात. त्यांपैकी आठवा घटक फार नाजूक. उशीर झाला की त्याचे बळ कमी होते. ज्युडिथ पूल या अमेरिकन संशोधिकेने १९६४ साली दाखवून दिले, की गोठलेला द्रव थंडीतच हळूहळू वितळू दिला, तर तळाशी राहणाऱ्या साक्यात हा घटक भरपूर सापडतो. एका बाईच्या या शोधाने हिमोफिलियाच्या कितीतरी मुलांना आधार मिळाला. त्याच साक्यात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिनही असते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा डॉक्टर त्याचा उपयोग करतात. पिशवीत ही प्रथिने पुरेशी नसतील, तर पिशवी चढवूनही गुण यायचा नाही. म्हणून मोजमापाला एवढे महत्त्व!

भगिनींनो, पहिले मोजमाप मात्र आपल्याच बोटावर होते. रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिन निदान १२.५ ग्रॅम लागते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे रक्ताची गरज बाळंतपणात आपल्याला, आणि देण्याइतके रक्त अंगात नाही तेही आपल्याच! सर्वांना वाढून उरेल ते खायचे, ही रीत आता सोडली पाहिजे.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. प्रत्येकीने आपले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पालेभाजी, कडधान्यावर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर चहा घेऊ नये, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पुऱ्या कराव्यात. तिसरी ही, की साऱ्यांनी एकाच दिवशी रक्त देण्यापेक्षा पाळीपाळीने द्यावे. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. ४२ दिवस टिकणाऱ्या वस्तूची साठवण वर्षभर पुरवायची, तर भर वर्षभर पडली पाहिजे. घर चालवणारीला हे वेगळे सांगायला नको.