वेष आणि स्मरण

पानिपतच्या काला आंब येथे १४ जानेवारीला, १७६१ च्या युद्धातील वीरांचे स्मरण केले जाते. त्या प्रसंगी मराठा वेष करू इच्छिणाऱ्याने महागडे वस्त्र शिवून घेण्याचे कारण नाही. बाजारातील स्वस्त, तयार सुती सदरा दोन मापे मोठा घ्यावा. गुंड्या व कॉलर काढून टाकावी. लांबी कमी करून उरलेल्या कापडाचे बंद शिवावेत. बाराबंदी हे नावच मुळी बारा बंदांवरून पडले आहे. चकाकती जर मात्र लावू नये. उपासमार आणि कडाक्याची थंडी यांनी ते सैन्य आधीच खचले होते. आज त्याच पानिपतात जुने लोकरी कपडे पिंजून स्वस्त कांबळी विणली जातात. त्यांतील एखादे खांद्यावर असावे. वेषाला अर्थ येईल.