गाणारी एक, वाजवणारे पाच

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘बाया आणि सार्वजनिक जागा’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

रस्ते, दिवाबत्ती, संडास, रात्रीची शेवटची बस, या सगळ्यावर आपण कालपासून बोलतो आहोत. मी मात्र आज गाण्याबजावण्याबद्दल बोलणार आहे. काहीजणींना वाटेल, पोटापाण्याचे प्रश्न पडले असताना ही चैन कशाला? मलाही आधी तसंच वाटत होतं. पण स्टेज हीसुद्धा सार्वजनिक जागा आहे. तिथे कोण चढतं, कोण पुढे उभं राहतं, पैसे कोणाच्या हातात पडतात आणि रात्री घरी कोण कसं पोचतं, हे प्रश्न आपल्या रोजच्या कामातलेच आहेत.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाच्या मुलींना घेऊन मी मुंबईत फोर्टमध्ये एका संगीत महोत्सवाला गेले होते. शहराच्या मध्यवस्तीत, उघड्यावर, तिकीट नाही. येईल त्यानं बसावं आणि ऐकावं. त्या संध्याकाळी जॅझ वाजवणारी मंडळी होती. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, माणसाएवढं उंच बास आणि ड्रम. वाजवणारे पाचही पुरुष. पुढे माइकपाशी एक बाई गात होती, आणि फार छान गात होती. आमच्या मुली आधी हसल्या, मग गप्प झाल्या, मग मांडीवर ताल धरायला लागल्या. परत येताना नववीतल्या एकीनं विचारलं, “ताई, ह्यांच्यात बाया नुसत्या गातातच का? वाजवत नाहीत?”

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्य शिकताना श्रमविभागणीवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत, पण स्टेजकडे त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मग शोधाशोध केली, वाचलं. ते तुमच्यापुढे ठेवते.

जॅझ हे हॉटेलातलं, साहेबी संगीत अशी आपली समजूत आहे. त्याचं मूळ मात्र अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या गुलामांच्या वंशजांमध्ये आहे. त्या शहरात काँगो स्क्वेअर नावाचा चौक आहे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना रविवारी तिथे जमायला मोकळीक असे. तिथे बाया आणि पुरुष ढोल वाजवत, नाचत, बाजार भरवत. त्या परंपरेतून आणि इतर अनेक प्रवाहांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅझ उभं राहिलं. १९७० साली त्या शहराचा जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल सुरू झाला तो याच चौकात, आणि महालिया जॅक्सन तिथे गायली.

आपल्याकडे मात्र ते वरच्या दारानं आलं. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले काळे वादक येऊन वाजवू लागले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून गोव्याचे वादक तयार झाले. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा. यांनीच पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात जॅझचे सूर नेले. ते आपण सगळ्यांनी ऐकले आहेत, फक्त नावं ऐकली नाहीत. १९७८ साली रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ झाली, तेव्हा हे संगीत हॉटेलाबाहेर, मोकळ्या आभाळाखाली आलं.

या सगळ्यात बाया कुठे होत्या? होत्या, पण गळ्यापुरत्या. पॅम क्रेन, लॉर्ना या मोठ्या गायिका. मुंबईत जन्मलेली आशा पुथली तर अमेरिकेत जाऊन ऑर्नेट कोलमनसारख्या वादकाबरोबर गायली. पण वादक बाई शोधायला जावं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लुसिला पाचेको नावाच्या एक बाई हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवीत. अशी नावं शोधून काढावी लागतात, आपणहून समोर येत नाहीत.

असं का होतं, याचं उत्तर या संगीताच्या कामाच्या रीतीतच आहे. जॅझमध्ये सगळं लिहून दिलेलं नसतं. एक सूत्र ठरवून घेतात, मग पाळीपाळीनं एकेकजण पुढे येतो आणि त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. बाकीचे त्याला सांभाळून घेतात. हे वर्गात बसून पुरतं येत नाही. कार्यक्रम संपल्यावर, मध्यरात्रीनंतर, वादक एकत्र बसून वाजवतात, त्याला जॅम सेशन म्हणतात. एकमेकांना आजमावायचं, हरायचं, शिकायचं, ओळखी करायच्या, पुढचं काम मिळवायचं, सगळं तिथेच. म्हणजे शाळा भरते रात्री दोनला, दारूच्या गुत्त्यात. तिथे मुलगी कशी जाणार? गेली तर लोक काय म्हणणार? आणि नाही गेली, तर तिला येत नाही असं म्हणायला आपण मोकळे!

तेच झालं. १९३८ साली ‘डाउनबीट’ या अमेरिकेतल्या नावाजलेल्या संगीत-मासिकानं ‘स्त्री वादक कमी प्रतीच्या का’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख छापला होता. आणि एखादी चांगली वाजवू लागलीच, तर ‘पुरुषासारखी वाजवते’ हे कौतुक!

आता मेरी लू विल्यम्सची गोष्ट सांगते. जन्म १९१०. पियानो वाजवायची, पूर्ण वाद्यवृंदासाठी संगीत लिहायची. कॅन्सस सिटी शहरातल्या ज्या वाद्यवृंदात तिचा नवरा सॅक्सोफोन वाजवायचा, त्यात ती सुरुवातीला रीतसर सभासदही नव्हती. गरज पडेल तेव्हा पियानोवर बसायची. पुढे तोच वाद्यवृंद तिच्या लिहिण्या-वाजवण्यावर नावारूपाला आला. तिनं स्वतः सांगून ठेवलेली एक आठवण आहे. एका रात्री कोलमन हॉकिन्स हा मोठा सॅक्सोफोनवादक गावात आला आणि गावच्या वादकांशी त्याची जुगलबंदी जुंपली. पहाटे चारला कोणीतरी तिच्या खिडकीची जाळी वाजवली. सगळे पियानोवाले थकले होते, तू चल, म्हणून. ती गेली आणि वाजवलं. मला या आठवणीचा आनंदही होतो आणि रागही येतो. पुरुष थकल्यावर आपली आठवण होते, हे आपल्याला नवं नाही.

युद्धाच्या काळातही हेच मोठ्या प्रमाणात झालं. मिसिसिपी राज्यात पाइनी वुड्स नावाची गरीब आणि अनाथ काळ्या मुलामुलींची शाळा होती. शाळेसाठी निधी गोळा करायला १९३७ च्या सुमारास तिथे मुलींचा वाद्यवृंद बांधला. ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’. १९४१ मध्ये मुली शाळेपासून वेगळ्या होऊन स्वतंत्रपणे वाजवू लागल्या. पुरुष लढाईवर गेलेले, त्यामुळे मागणी होती. त्यांच्यात काळ्या मुली होत्या, चिनी, मेक्सिकन आणि मूळनिवासी वंशाच्या होत्या, पुढे गोऱ्याही आल्या. दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांनी एकत्र राहणं, वाजवणं कायद्याला मंजूर नव्हतं. म्हणून गोऱ्या मुली चेहऱ्याला गडद रंग फासून स्टेजवर चढत. हॉटेलात जागा मिळत नसे, म्हणून सगळ्या आपल्या बसमध्येच झोपत, तिथेच जेवत. १९४५ साली त्यांनी युरोपात सैनिकांसाठी कार्यक्रम केले. १९४९ पर्यंत सगळं संपलं. पुरुष परत आले होते, बायकांनी घरी जायचं होतं. हे ऐकताना तमाशाच्या ट्रकमधून गावोगाव फिरणाऱ्या, कनातीमागं लेकरं निजवून बोर्डावर उभ्या राहणाऱ्या आपल्या कलावंत बाया आठवल्याशिवाय राहत नाहीत.

पण गोष्ट इथं संपली नाही, आणि म्हणूनच आज ती सांगते आहे. १९७७ साली कॅन्सस सिटीतल्या दोघी, कॅरोल कोमर आणि डायन ग्रेग, दुसऱ्या गावचा जॅझ महोत्सव ऐकून गाडीनं परत येत होत्या. एक गाणारी-पियानो वाजवणारी, दुसरी रेडिओवर जॅझचा कार्यक्रम करणारी. आपण एवढं सगळं ऐकलं, त्यात बाया जवळपास नव्हत्याच, हे बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. तिथून कल्पना निघाली. संस्था काढली, गावातले स्वयंसेवक जमवले आणि मार्च १९७८ मध्ये पहिला विमेन्स जॅझ फेस्टिव्हल भरवला. मेरी लू विल्यम्स आली, मॅरियन मॅकपार्टलंड आली, बेटी कार्टर आली, जपानहून अमेरिकेत आलेली तोशिको अकियोशी आपला वाद्यवृंद घेऊन आली. त्यांनी पुरुषांना बंदी घातली नव्हती. आपल्या पथकात कोण असावं ते ती ती कलावंत ठरवणार, एवढंच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि १९८० च्या महोत्सवात त्यांनी स्वीटहार्ट्सना शोधून एकत्र आणलं. तीस वर्षं विखुरलेल्या, संसारात, नोकऱ्यांत हरवलेल्या त्या बाया एकमेकींना भेटल्या. लोकांना तेव्हा कळलं की असा एक वाद्यवृंद होऊन गेला. १९८६ साली त्यांच्यावर माहितीपट निघाला. गावातल्या एका महोत्सवानं पुसला गेलेला इतिहास परत मिळवला, ही साधी गोष्ट नाही.

तो महोत्सव १९८५ नंतर चालला नाही. पण मागणी मागे पडली नाही. २०१८ साली टेरी लिन कॅरिंग्टन या ड्रमवादक बाईंनी बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जॅझ आणि लिंगभाव-न्याय यावर काम करणारी संस्था सुरू केली. पितृसत्ता नसती तर जॅझ कसं वाजलं असतं, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. त्याच वर्षी पाश्चात्त्य देशांतल्या पंचेचाळीस महोत्सवांनी २०२२ पर्यंत आपल्या स्टेजवर स्त्री-पुरुष प्रमाण निम्मं-निम्मं आणण्याचं जाहीर वचन दिलं. वचन म्हणजे पूर्ती नव्हे, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. पण आता मोजणी तरी सुरू झाली.

मैत्रिणींनो, आता आपल्या घरात येते. कटू वाटलं तर माफ करा.

मागच्या आठ मार्चला आपण चौकात कार्यक्रम केला. गाणी आपण म्हटली. ढोलकीवर कोण होतं? हार्मोनियमवर? माइक, स्पीकर, दिवे कोणाच्या ताब्यात होते? सगळे आपले मित्रच होते, मनापासून राबले, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाणारी आपण आणि वाजवणारे ते, ही वाटणी आपणही तशीच उचलली. पुण्यात गणपतीत मुली कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवतात. म्हणजे मनगटात जोर नाही, हे कारण आता कोणी सांगू नये.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. शाहिरी गाणाऱ्या ज्या ताईंना आपण बोलावलं होतं, त्यांना आपण शाल दिली, नारळ दिला. मानधन दिलं नाही. ‘आपल्याच तर आहेत!’ मांडववाल्याचे आणि स्पीकरवाल्याचे पैसे मात्र रोख चुकते केले. त्या ताई त्या दिवशीची मजुरी बुडवून आल्या होत्या, हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं. घरकामाला काम म्हणा, असं आपण जगाला सांगतो. मग गाणं हे काम नाही का?

म्हणून पुढच्या आठ मार्चसाठी चार गोष्टी सुचवते. एक, येणाऱ्या प्रत्येक कलावंत बाईला मानधन, आणि ते आधी ठरवून, आमच्या खर्चाच्या कागदावर पहिल्या ओळीत. दोन, कार्यक्रम संपल्यावर त्यांना घरापर्यंत पोचवण्याची गाडी, आणि स्टेजमागे पोरांना सांभाळायला दोघीजणी. तीन, ढोलकी, हलगी आणि माइकची यंत्रं चालवायला आपल्यातल्या आठ-दहा जणी आतापासून शिकतील. आणि चार, तालमी दिवसा किंवा संध्याकाळी लवकर, वस्तीतच. रात्रीची शाळा आपल्याला नको असं नाही, पण रस्ता सुरक्षित होईपर्यंत शाळा तरी आपल्या दारात आणू.

त्या नववीतल्या मुलीनं मला गेल्या महिन्यात परत गाठलं. तिला ढोलकी शिकायची आहे. तिची आई म्हणाली, “शिकू दे की, पण क्लास सातला सुटतो. हिला आणायला कोण जाणार? मी त्या वेळी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत असते.” आई आडमुठी नाही, तिची अडचण खरी आहे. आणि ती सोडवणं हे संगीतकारांचं काम नाही, आपलं आहे. मंगळवार आणि शुक्रवार मी जाते आहे तिला आणायला. बाकीच्या दिवसांसाठी कोण येतंय, ते चहाच्या वेळी मला सांगा.