कंप, गोळी आणि मेंदूतली तार



मेंदूवर विजेचा उपचार म्हटलं की आपल्या मनात आधी 'शॉक' येतो. घरातली माणसं घाबरतात आणि विषय तिथेच मिटतो. आज ज्या उपचाराबद्दल बोलणार आहे, तो वेगळा आहे. पार्किन्सन्स झालेल्या माणसाच्या मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवतात आणि तिच्यातून रात्रंदिवस अतिशय सौम्य प्रवाह जात राहतो. तारेची जागा आणि प्रवाह नीट जुळला, की रुग्णाला तो जाणवतही नाही. याचं नाव डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस.

याची सुरुवात फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात झाली. कंपावर तेव्हा एक शस्त्रक्रिया होत असे. मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागातला छोटासा ठिपका जाळून टाकायचा. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे विजेने तपासत. रुग्ण पूर्ण जागा असे, कारण मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. १९८७मध्ये शल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद यांनी अशा तपासणीत विजेच्या स्पंदनांचा वेग वाढवत नेला. सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदनं झाली आणि कंप थांबला. प्रवाह बंद केला, कंप परत आला. मग जाळायचं कशाला? तार तिथेच राहू द्यावी! हा विचार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. जाळलेला भाग परत मिळत नाही. वीज कमी करता येते, वाढवता येते, बंदही करता येते.

दरम्यान अमेरिकेत मॅलन डिलाँग आणि त्यांचे सहकारी आजाराचं मूळ शोधत होते. पार्किन्सन्समध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, हे माहीत होतं. डोपामिन कमी पडलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा इवलासा पेशीसमूह अतिसक्रिय होतो आणि हालचालींना लगाम घालतो, हे त्यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून १९९०मध्ये पुढे आलं. बेनाबिद यांनी मग तिथे तार नेली. कंपाबरोबर ताठरपणा आणि मंदपणाही कमी झाला. २०१४मध्ये या दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

ही वीज नेमकं काय करते? पार्किन्सन्समध्ये या भागातल्या पेशी एका संथ, ठरावीक लयीत अडकून पडतात. सेकंदाला सुमारे १३० स्पंदनांचा प्रवाह ती लय मोडतो आणि हालचालीचे संदेश पुढे जाऊ लागतात. मेलेल्या पेशी मात्र त्याने परत येत नाहीत आणि आजार आतून पुढे सरकतच राहतो.

शस्त्रक्रियेत एमआरआयच्या मदतीने जागा ठरवतात आणि कवटीला छोटं छिद्र पाडून तार आत नेतात. बहुतेकदा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना. डॉक्टर रुग्णाला मूठ उघड-मीट करायला सांगतात, बोलतं करतात आणि परिणाम तिथल्या तिथे पाहतात. आता काही ठिकाणी पूर्ण भूल देऊनही करतात. तारेचं दुसरं टोक कातडीखालून छातीपर्यंत आणून गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीच्या उपकरणाला जोडतात. पुढे काही महिने प्रवाह जुळवून घ्यावा लागतो. घरच्यांनी इथे धीर सोडू नये.

आता फायदा कुणाला? सुरुवातीची काही वर्षं या आजारावरची लेव्होडोपाची गोळी उत्तम काम करते. पुढे तिचा असर भरती-ओहोटीसारखा होतो. गोळी चढली की अंग नको तितकं हलतं, उतरली की माणूस खुर्चीत थिजतो. डीबीएस हे चढउतार कमी करतं, गोळ्याही बऱ्याचदा कमी होतात. स्वतःच्या हाताने जेवणं, शर्टाची बटणं लावणं, रात्री कुशीवर वळणं पुन्हा जमू लागतं. ज्याला हे जमत नव्हतं, त्यालाच त्याची किंमत कळते. ढोबळ नियम असा, की गोळीने जे सुधारतं ते तारेने सुधारतं. अपवाद कंपाचा, गोळीला न जुमानणारा कंपही बऱ्याचदा तारेचं ऐकतो. तोल, स्मृती आणि बोलणं यांत फारशी सुधारणा होत नाही, बोलणं कधी बिघडतंही. शंभरात एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. खर्च कित्येक लाखांत जातो. हे सारं आधी उघडपणे बोललं गेलं पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे डीबीएसबद्दलचा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. विस्मृती सुरू झाल्यावर, माणूस वारंवार पडू लागल्यावर या उपचाराचा उपयोग थोडाच उरतो. २०१३मध्ये फ्रान्स-जर्मनीतल्या २५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराला सरासरी साडेसात वर्षं झालेली ही माणसं. चढउतार नुकतेच सुरू झालेले. ज्यांना तार बसवली त्यांचं जगणं दोन वर्षांनंतर स्पष्टपणे सुधारलं होतं. फक्त औषधांवर असलेल्यांचं जवळपास होतं तिथेच राहिलं.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. या सभागृहातल्या शुभंकरांना माझी विनंती आहे. आठवडाभर एका वहीत गोळीची वेळ, ती उतरल्याची वेळ आणि अंग नको तितकं हललं ती वेळ लिहा. दिवसाला लेव्होडोपाचे पाच किंवा अधिक डोस लागत असतील, दोन तास थिजलेले जात असतील किंवा तासभर त्रासदायक हालचाली होत असतील, तर ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि डीबीएसबद्दल स्वतःहून विचारा.