भोपळा नसलेलं भोपळ्याचं सिरप
(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)



आज मला सिरपवर बोलायला सांगितलंय. कृती सांगणारच आहे, मापासकट. पण त्याआधी आमच्या वीस बाटल्या कशा फुकट गेल्या ते सांगते. त्यात चूक माझी होती, म्हणून मीच सांगितलेलं बरं.

खाडीपलीकडच्या वाडीतला आपला गट तुम्हाला माहीत आहे. कोकम आगळ, आवळा सरबत गेली काही वर्षं करतोय. त्यांच्याकडे पुण्याच्या एका कॉफीच्या दुकानातून विचारणा आली, ‘पम्पकिन स्पाइस सिरप करून द्याल का? पहिल्यांदा वीस बाटल्या.’ गटातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. पम्पकिन म्हणजे भोपळा एवढं सगळ्यांना कळलं. पण भोपळ्याचं सिरप आणि तेही कॉफीत?

तर ही गोष्ट अमेरिकेतली. तिकडे थंडीच्या तोंडावर, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, भोपळ्याचा गोड पदार्थ करतात, पाय म्हणतात त्याला. आपण घारग्यांत जायफळ-वेलची घालतो, तसं ते त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग घालतात. त्या मसाल्यालाच ‘पम्पकिन स्पाइस’ नाव पडलं. 2003 साली स्टारबक्स या कंपनीने त्या चवीची कॉफी काढली आणि ती खूप चालली. गंमत म्हणजे सुरुवातीची बरीच वर्षं त्या कॉफीत भोपळा नव्हताच. 2015 पासून त्यांनी थोडा घालायला सुरुवात केली. म्हणजे लोकांना आवडला तो मसाला, भोपळा नव्हे.

हे मी तेव्हा वाचलं असतं तर बरं झालं असतं. मी काय केलं, मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, कृती वहीत उतरवली आणि गटात गेले. साखर आणि पाणी सारखं, त्यात उकडलेल्या भोपळ्याचा गर आणि मसाल्याची पूड. 3 किलो साखर, 3 लिटर पाणी, 1 किलो गर. छान केशरी रंग आला. सगळ्यांनी चाखलं, सगळ्या खूश.

बाटल्या भरताना कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “भोपळो आंबायचो नाय काय गो?”

मी म्हटलं, “नाही हो मावशी, व्हिडिओत तसंच दाखवलंय.” मावशी गप्प बसल्या. पदवी माझी, मोबाईल माझा. त्या काय बोलणार?

पाचव्या दिवशी सकाळी गटाच्या अध्यक्ष ताईंचा फोन. रात्रीत तीन बाटल्यांची झाकणं उडाली होती. फळीवर सिरप, खाली मुंग्यांची रांग. उरलेल्या उघडल्या तर सगळ्यांना फेस. वीसच्या वीस ओतून दिल्या. फिरत्या निधीतले हजार रुपये त्या सिरपाबरोबर गेले. माल पुण्याला गेला नव्हता, एवढंच नशीब.

असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण हे तुमच्या कुठल्याही सरबताला लागू आहे. सिरप टिकतं ते साखरेच्या दाटपणावर. वजनाच्या निदान 65 टक्के साखर असली तर त्यात यीस्ट सहसा वाढत नाही. आमच्यात चाळीसच्या आसपास होती. त्या कृतीत काही चूक नव्हती, पण ती घरच्या फ्रीजसाठी होती, आठ-पंधरा दिवसांत संपवायची. आम्ही ती फळीवर ठेवली.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. भोपळ्याला आंबटपणा नाही. कोकम, आवळा, लिंबू हे आंबट, त्यांच्यात बरेच वाईट जंतू वाढत नाहीत. भोपळ्याचा गर हवाबंद बाटलीत बाहेर ठेवला, तर त्यात असं विष तयार होऊ शकतं की त्याचा वासही येत नाही, चवही कळत नाही. साधं उकळून त्या जंतूंची बीजं मरत नाहीत. आमची झाकणं उडाली म्हणून आम्हाला कळलं. न उडता बाटली पुण्याला पोचली असती तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे गेले आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अगो, भोपळ्याची भाजी सकाळची संध्याकाळी आंबते. साखर घातली म्हणून काय तो लोणचं झाला?”

मग गटाने बसून ठरवलं, भोपळा बाहेर. मसाला तर आपल्याकडेच आहे. माडा-पोफळीच्या बागेत जायफळ, दालचिनी लावायचं दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगत आलंय, त्याला ‘लाखी बाग’ म्हणतात. गटातल्या दोघींकडे झाडं आहेत. आणि कॉफीत जायफळ घालणं आपल्या घरात काही नवीन नाही, पाहुणे आले की आपण तशीच करतो.

तरी एकदा परत चुकलोच. तिकडे ब्राउन शुगर वापरतात म्हणून मी गूळ सुचवला. गरम दुधात घातला आणि दूध फाटलं! तेव्हा कॉफीच्या सिरपाला साखरच.

आता कृती लिहून घ्या. हे माप 1 किलो साखरेचं, 250 मिलीच्या चार बाटल्या होतात.

पाणी 700 मिली, दालचिनी 20 ग्रॅम तुकडे करून, सुंठ 10 ग्रॅम ठेचून, लवंगा 12, जायफळ अर्धं. मसाला अख्खा किंवा जाडसर ठेचलेलाच घ्या. पूड घातली की खाली गाळ बसतो आणि दालचिनीच्या पुडीने सिरप बुळबुळीत होतं.

दालचिनी, सुंठ, लवंग पाण्यात घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर 15-20 मिनिटं उकळा. गॅस बंद करून जायफळ ठेचून घाला, 10 मिनिटं झाकून ठेवा. जायफळ वाढवायचं नाही, जास्त झालं तर ते बाधतं. मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. गाळलेलं पाणी मोजा. ते 500 मिली भरलं पाहिजे. कमी असेल तर उकळलेलं पाणी घाला, जास्त असेल तर थोडं आटवा. हे मोजणं चुकवू नका, टिकाऊपणा इथेच ठरतो.

त्यात साखर घाला, विरघळू द्या. एक उकळी आली की 2-3 मिनिटं ठेवा, वरची मळी काढा. साखरू नये म्हणून लिंबाचे चार थेंब. तार येईपर्यंत आटवू नका, नाहीतर बाटलीत खडे धरतात. आपल्या प्रक्रिया केंद्रात रिफ्रॅक्टोमीटर आहे. सिरप गार झालं की त्याचा एक थेंब टाका, आकडा 65 च्या वर हवा.

बाटल्या काचेच्या. धुऊन गार पाण्यात बुडवा, पाणी उकळायला लागलं की पुढे 10 मिनिटं ठेवा, स्वच्छ फडक्यावर पालथ्या घाला. बाटली गरम असतानाच गरम सिरप भरा. गार बाटलीत गरम ओतलं तर काच तडकते. ओला चमचा, ओलं झाकण अजिबात नको. प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या गटाकडे ठेवा, आठवड्याला बघा. लेबलवर ‘किती दिवसांत वापरावे’ ते मनाने लिहू नका, नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

एका कपाला तीन चहाचे चमचे पुरतात. कॉफीत घाला, दुधात घाला. भोपळ्यासकट करायचं असेल तर घरापुरतं करा, फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा. विकायचं नाही.

आता हिशोब. वीस बाटल्यांना साखर 225, मसाला 300, बाटल्या 400, लेबल 60, गॅस 65. एकूण 1050, म्हणजे बाटलीला साडेबावन्न रुपये. दुकानवाल्या ताई 60 द्यायला तयार होत्या. मी म्हटलं, साडेसात रुपये सुटतात, चला. तेव्हा एक ताई म्हणाली, “आणि आमचा वेळ कुठे लिहिलाय?” दोघींचा अर्धा-अर्धा दिवस, 400 रोजाने 400 रुपये. धरले की बाटली साडेबहात्तरला पडते. साठला विकली असती तर प्रत्येक बाटलीमागे साडेबारा रुपये आपणच पुण्याला दिले असते! तो कागद आम्ही दुकानवाल्या ताईंना पाठवला. 85 ला ठरलं.

लेबलवर काय लिहायचं यावरही चर्चा झाली. भोपळा नाही तर भोपळ्याचं चित्र कसं छापायचं? शेवटी नाव ठेवलं ‘मसाला सिरप, कॉफी व दुधासाठी’. खाली स्पष्ट लिहिलं, ‘यात भोपळा नाही’. घटक जास्त वजनाचा आधी या क्रमाने, वजन, किंमत, बॅच नंबर, तारखा, पत्ता, एफएसएसएआय नंबर, हिरवा ठिपका. नोंदणी नसेल तर आधी ती करा, मग विक्री.

तायांनो, ‘भोपळा आंबेल का’ आणि ‘आमचा वेळ कुठे’ हे दोन्ही प्रश्न माझ्या वहीत नव्हते. ते तुमच्यातूनच आले. पहिला मी ऐकला नाही, हजार रुपये गेले. दुसरा ऐकला, बाटलीमागे पंचवीस रुपये जास्त मिळाले.

म्हणून त्या गटाने आता नियम केलाय आणि तो तुम्हीही करावा असं मला वाटतं. नवीन पदार्थ गॅसवर चढायच्या आधी प्रत्येकीने एक शंका सांगायची आणि ती इतिवृत्तात लिहायची. उत्तर मिळेपर्यंत बाटली भरायची नाही. समन्वयक ताई म्हणाली ‘व्हिडिओत तसंच आहे’, तरी नाही.

पुढच्या सभेला मावशी स्वतः सिरप घेऊन येणार आहेत. कॉफी मी करीन.